सावलीची लाल रेघ

ही गोष्ट १९७३ सालची. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या ह्यांनी मिशी काढली आणि सासूबाईंनी त्याबद्दल माझ्यावर संशय घेतला. मी त्या मिशीला बोटही लावलं नव्हतं. पण त्या वर्षी आमच्या गल्लीत संशयाची साथच आली होती आणि ती मी आणली असं लोक म्हणत. अजूनही म्हणतात. म्हणून म्हटलं, एकदा काय ते लिहून टाकावं.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत असे. त्या वर्षी आम्हा शिक्षकांना एका शिबिराला पाठवलं होतं. तिथे एक चष्मेवाले गृहस्थ टेबलावर हात आपटून सांगत, "मुलांना उत्तरं सांगू नका. त्यांना बघू द्या, मोजू द्या, चुकू द्या. विज्ञान पाठ करायचं नसतं, करायचं असतं." माझ्या मागच्या बाकावर दोन बाई स्वेटर विणत होत्या. शिबिर संपलं तेव्हा त्यांच्या दोन बाह्या पुऱ्या झाल्या होत्या. म्हणजे तसं पाहिलं तर 'करून बघणं' त्यांनीच केलं. मी बापडी फक्त ऐकत बसले, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सगळं मला पटलं.

परत आल्यावर पहिलाच धडा निघाला तो सावलीचा. पुस्तकात ओळ होती, 'दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.' माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'खार' म्हणत. एक म्हणजे तिचे पुढचे दोन दात, आणि दुसरं म्हणजे एखादा प्रश्न हाती लागला की तो कुरतडून संपवल्याशिवाय ती खाली ठेवत नसे.

"बाई, सर्वांत लहान म्हणजे केवढी?"

"अगदी लहान."

"मग लहान होत होत एखाद्या दिवशी नाहीशीच होते का?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पंधरा वर्षं मी असल्या प्रश्नांना 'नाही, खाली बस' असंच सांगत आले होते. पण समोर तो चष्मा आणि तो आपटलेला हात दिसला. शिवाय खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघूया."

शाळेचं अंगण दोन उंच गोदामांच्या मध्ये. तिथे ऊन पाहुण्यासारखं यायचं आणि चहा न घेताच जायचं. म्हणून मी मुलांना शाळेच्या मागच्या गल्लीत न्यायचं ठरवलं. दुर्दैवाने ती आमचीच गल्ली होती. सूर्य जातो त्या दिशेने लांब पसरलेली, एका टोकाला बंद, दोन्ही बाजूंना बैठी घरं. हेडसरांची परवानगी काढली. हेडसर ज्याच्यावर शिक्का नाही त्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघत, आणि शिक्का असला तर त्या शिक्क्याकडे. ते म्हणाले, "काय करायचं ते करा बाई. पण मला विचारलं नव्हतं असं समजा."

पालिकेने कधीकाळी दिव्याच्या खांबासाठी गल्लीत एक खड्डा खणला होता आणि मग दिवा, खांब, खड्डा तिन्ही विसरली होती. त्या खड्ड्यात आम्ही आमच्या घरची कपडे वाळत घालायची उंच काठी रोवली. काठीच्या टोकाची सावली पुसट पडायची. नेमकी खूण कुठे करायची यावरून पहिल्याच दिवशी दोन मुलांनी एकमेकांचे केस धरले. मग खारीनेच तोड काढली की टोकाला काहीतरी ठळक बांधायचं. मी घरातून एक जुनी पळी आणली. पळीची सावली गोल, स्वच्छ पडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काठी गेली, पळी गेली. उद्या मला उभी करा उन्हात."

थंडीचे दिवस होते. थंडीत ऊन आमच्या घरांच्या मागून येतं, म्हणून सावली पडायची ती समोरच्या घरांच्या बाजूला. मुलांनी तासातासाला खडूने खूण केली आणि शेजारी तो तास लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बायकांनी पाणी मारून अंगण झाडलं आणि आमचं विज्ञान गटारात गेलं. तेव्हा मी शाळेच्या फाटकाचा उरलेला लाल रंग आणला. एवढं एकच केलं. बाकी सगळं लोकांनी केलं.

मुलांनी दिवसभरात एक सुंदर वाकडी ओळ काढली. समोरच्या घरांच्या पायऱ्यांना जवळजवळ चिकटून जाणारी, दोन्ही टोकांना तर कुंपणाच्या भिंतींवर चढलेली. ठिपके, फुल्या आणि आकडे. मी मान वर केली तर समोर कायदेकाका उभे. हे कोर्टातले निवृत्त कारकून. गल्लीत कोणाची गाय कोणाच्या दारात आली तरी ते कलम सांगत.

"काय चाललंय, बाई?"

"मुलांना शिकवतेय, काका. सावली मोजतोय."

काका हसले. नुसते ओठांनी. "शिकवताय. रस्त्यावर. बरं बरं."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हा प्राथमिक शिक्षकांना सरकार शिकवणं सोडून बाकी सगळ्या कामांना जुंपतं. माणसं मोजा, मतदार मोजा, गुरं मोजा, विहिरी मोजा. मी त्या गल्लीत दारोदार फिरून दोनदा माणसं आणि एकदा कोंबड्या मोजल्या होत्या. त्यामुळे मास्तरीण हातात टेप घेऊन रस्त्यावर उभी आहे याचा अर्थ लहान मुलालाही कळे. मास्तरीण रस्त्यावर उभी राहून शिकवते आहे, यावर मात्र कोणाचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. माझ्यावरही नसता बसला.

संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बैठक भरली. आमच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. ऐकणं मला आवडत नाही, पण खिडकी बंद केली असती तर लोकांना संशय आला असता.

"रस्ता रुंद करणार," कायदेकाका म्हणाले. "लाल रेघेच्या आतलं सगळं जाणार. पायरी, ओटा, कुंपण. माझ्या ओट्यापुढे बारा लिहिलंय. बारा फूट!"

काका आणि शिवणकामवाल्या काकू यांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीच्या अलीकडे मुलांनी बाराची खूण केली होती आणि पलीकडे एकची. काकूंच्या ओट्यापुढे '१' होता.

काका हळूच म्हणाले, "माझे बारा आणि तुमचा एकच. अं? काकू, कोणाला भेटून आलात?"

"मी कशाला कोणाला भेटू? मला मशीन सोडून उठायला होत नाही!"

"मग एकच फूट कसं? बारानंतर तेरा येतात."

"ते मला काय विचारता? बाईंना विचारा!"

मी दुसऱ्या दिवशी काकूंना समजवायला गेले. म्हटलं, "काकू, ते फूट नाहीत, वाजले किती ते आहे. बारा वाजल्यानंतर एक वाजतो."

काकू मला ओट्यावर बसवून, दाराकडे बघून, आवाज खाली नेऊन म्हणाल्या, "बाई, तुमची नोकरी आहे, तुम्ही सांगू शकत नाही, मला कळतं हो. पण माझा एकच राहू द्या बरं का. वाढवू नका." आणि माझ्या पदरात रव्याचे लाडू घातले. मी ते परत केले. परत केले म्हणून त्यांना खात्रीच पटली की दुसऱ्या कोणीतरी जास्त दिले असणार.

इकडे वर्ग मात्र रंगात आला होता. दर महिन्याला आम्ही एक नवी ओळ काढायचो. मुलांच्या लक्षात आलं की दुपारची सावली दर वेळी काठीच्या जवळ जवळ येतेय. शिवाय पुस्तकातलं बारा आणि आमचं बारा जुळत नव्हतं. सर्वांत लहान सावली बारा वाजून गेल्यावर पडायची. हे मी हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग सूर्याला पुस्तक दाखवा." खार रोज विचारायची, "बाई, आता नाहीशी होणार ना?" पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला शाळेत जायची घाई व्हायला लागली. कुठलीशी सावली नाहीशी होते की नाही यासाठी मी रात्रंदिवस झुरत होते. घरात हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

पण सावली काठीकडे सरकली म्हणजे लाल रेघ समोरच्यांपासून लांब जाऊन आमच्या बाजूला सरकली. झालं! आता आमच्या बाजूचे जागे झाले. समोरच्यांनी पैसे चारून रेघ हलवली, असं ठरलं. आमच्या शेजारचे पोस्टमास्तर एरवी नुसती मान हलवायचे. ते भर गल्लीत ओरडले, "आमच्या दाराशी आणून घालताय होय? आम्ही काय मेलोय?" समोरून कायदेकाका म्हणाले, "सरकारी रेघ आहे. मी काय पायाने ढकलली?" पण मनातून काकाही गोंधळले होते, कारण त्यांनी कोणालाच काही दिलं नव्हतं. त्यांना वाटलं, काकूंनी दिले. काकूंना वाटलं, काकांनी. दोघेही एकमेकांकडे आदराने बघायला लागले.

मग काका पालिकेत गेले. तिथला कारकून म्हणाला, "असा काहीही प्रस्ताव नाही."

काका घरी येऊन म्हणाले, "बघा! नाही म्हणतात. म्हणजे नक्की आहे."

हरकतीचा अर्ज तयार झाला. समोरच्यांचा एक आणि आमच्या बाजूचा एक. आमच्या बाजूच्या अर्जावर, पोस्टमास्तरांच्या खाली, आमच्या ह्यांची सही.

"अहो, तुम्ही? तुम्हाला तर माहीत आहे ना, मी सावली मोजतेय ते!"

"मला माहीत आहे गं," हे मिशी नसलेल्या ओठांवर बोट फिरवत म्हणाले. "पण सगळ्यांनी केली. मी एकट्याने नाही केली तर म्हणतील, ह्याला आतून कळलंय."

पालिकेत दोन हरकती आल्या. आता हरकत आहे म्हणजे ज्याला हरकत आहे ती गोष्टही असली पाहिजे. कारकुनाने शोधली, सापडली नाही. सापडली नाही हे वर कळवणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने एक प्रस्ताव तयार केला आणि त्याला दोन हरकती जोडल्या. प्रस्ताव तयार झाला म्हणून पाहणी करायला मोजणीदार आला. गल्लीने श्वास सोडला. दोन्ही बाजूंना एकाच वेळी आनंद झाला की आपण म्हणत होतो ते खरं होतं.

मोजणीदार गोलमटोल, घामाघूम माणूस. त्याने रस्त्यावर तयार लाल रेघा बघितल्या आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, मोजणी झालेलीच आहे की!" त्याने मोजायची साखळी पिशवीतून काढलीच नाही. रेघा नकाशावर उतरवायला लागला.

मी धावत बाहेर आले. "साहेब, ही मोजणी नाही. माझ्या चौथीच्या मुलांनी सावलीच्या खुणा केल्यात."

त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं. "बाई, तुमची ड्यूटी कोणत्या खात्यात आहे?"

"शाळेत!"

"ती तर सगळ्यांचीच असते," तो म्हणाला. जाताना त्याने भिंतीवर एक कागद डकवला, 'पाहणी पूर्ण होईपर्यंत खुणा पुसू नयेत.'

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. गल्लीच्या तक्रारी त्यांच्याकडे पोचल्या होत्या. "बाई, आजच्या आज ती काठी उपटा आणि रंग खरवडून काढा. शाळेचं नाव खराब झालं तर मला विचारलं नव्हतं असं मी आधीच सांगितलंय."

"सर, अजून सावली नाहीशी व्हायची आहे."

"होत नसते. पुस्तकात सर्वांत लहान लिहिलंय. नाहीशी लिहिलेलं नाही."

मी वर्गात आले. मुलांना कळलं होतं. खार म्हणाली, "मग आपल्याला कधीच नाही कळणार?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संशय होता. तो माझ्यावर होता. इतक्या महिन्यांत गल्लीने घेतलेल्या सगळ्या संशयांपेक्षा तो मला जास्त लागला. मी उठले, परत हेडसरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, खुणा पुसू नयेत असा पालिकेचा कागद आहे. त्यावर शिक्का आहे. काठी उपटली तर खुणा कशाच्या ते कसं ठरणार? मी उपटते, पण तुम्ही लेखी द्या."

हेडसरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. लेखी हा शब्द त्यांना थंडीतल्या गार पाण्यासारखा होता. शेवटी म्हणाले, "राहू द्या."

पुढच्या आठवड्यात मोजणीदार पुन्हा आला, कारण त्याच्या साहेबाने विचारलं होतं की इतक्या रेघांतली खरी कोणती. समोरचे म्हणाले, नवी. आमच्या बाजूचे म्हणाले, जुनी. मोजणीदार घाम पुसत ओरडला, "अहो, पण ह्या काढल्या कोणी?"

"सूर्याने," खार पुढे होऊन म्हणाली.

"पूर्ण नाव?"

पोरं हसून हसून खाली बसली. मग खारीने त्याला एक एक खूण दाखवत सगळी हकिकत सांगितली. आधी सावली कुठे होती, आता कुठे आहे, दर महिन्याला किती सरकते. "असंच सरकत गेली तर सुट्टी लागायच्या आत एक दिवस ती काठीच्या बुडाशी येणार. आम्ही दिवस काढलाय. तुम्ही त्या दिवशी दुपारी या. नाहीशी झाली तर रेघ आमची. नाही झाली तर तुमची."

मोजणीदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला नका विचारू. मलाही माहीत नाही." त्याला माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य वाटलं असावं. तो म्हणाला, "येतो."

त्या दुपारी सगळी गल्ली जमली. समोरचे समोर, आमचे इकडे, मध्ये काठी. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. हेडसर छत्री घेऊन आले आणि सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. हातातल्या घड्याळात बारा वाजले तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं. काठीच्या बुडाशी हातभर सावली होती.

"आहे!" हेडसर म्हणाले. "बघा, आहे! सर्वांत लहान! पुस्तकात आहे तसंच!"

"गेली माझी पायरी," पोस्टमास्तर म्हणाले.

मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी काठीकडे. खार मात्र उकिडवी बसलेली हललीसुद्धा नाही. "थांबा ना सर. आपली सगळ्यांत लहान बाराला नसते. बारा वाजून गेल्यावर असते."

उन्हात सगळे थांबले. काठीच्या बुडाशी असलेली ती काळी कडा आत आत शिरत गेली, जशी एखादी मांजर दाराच्या फटीतून जाते. आणि गेली. पळीची सावली गेली, काठीची गेली. काठी उन्हात उघडी उभी राहिली. मुलांनी एकदम खाली पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या सावल्याही पायांखाली गेल्या होत्या. एक पोरगा तर एक पाय उचलून बघायला लागला.

"नाहीशी झाली!" खार किंचाळली.

कायदेकाका काठीभोवती फिरले. मग खाली वाकून काठीच्या मागे बघितलं. "लपवली कुठे?" ते म्हणाले. मोजणीदाराने मुलांना मागे सरकवलं, छत्री मिटायला लावली, स्वतः चारी बाजूंनी पाहिलं. मग रुमालाने मान पुसून त्याने वही काढली आणि लिहिताना मोठ्याने म्हणाला, "प्रस्तावित रेषेचा आधार प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी जागेवर अस्तित्वात नव्हता. सबब प्रकरण दप्तरी दाखल."

सासूबाई पाटावरून म्हणाल्या, "आता माझी काठी द्या."

दिली नाही. खारीने विचारलं होतं, "बाई, आता उद्या ती कुठल्या बाजूला पडेल?" त्यासाठी आम्ही सुट्टीतही येत राहिलो. ती पडली आमच्या बाजूला, आणि पोस्टमास्तर माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

हेडसर पुढे तालुक्याला बढतीवर गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की सावलीचा प्रयोग त्यांच्या प्रेरणेने झाला. मोजणीदाराची पुन्हा गाठ पडली ती एका लग्नात. तो म्हणाला, "बाई, त्या दिवसानंतर मी आधीपासून काढलेल्या रेघांवर कधी विश्वास ठेवला नाही," आणि साखळी ओढून ओढून दुखणारा खांदा दाखवला. शिवणकामवाल्या काकूंनी माझ्या मुलीच्या लग्नात सगळे परकर फुकट शिवून दिले. 'एकच राहू दिला' त्याची परतफेड, असं त्या मरेपर्यंत समजत होत्या. ह्यांनी मिशी पुन्हा वाढवली. सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांच्या मते ती पळी मीच विकली होती.

खार आता प्राप्तिकर खात्यात मोठी अधिकारी आहे. लोकांनी लिहून दिलेलं खरं आहे का, हे तपासायचा तिला पगार मिळतो. अधूनमधून येते, जेवते, आणि मी काही सांगितलं की म्हणते, "बघूया."

आणि मागच्या वर्षी आमच्या गल्लीचा रस्ता खरोखरच रुंद झाला. पायऱ्या गेल्या, ओटे गेले, कुंपणं गेली, दोन्ही बाजूंची. कायदेकाकांच्या मुलाने, आता तोही निवृत्त झालाय, मला फोन केला.

"बाई, बाबा म्हणायचेच. आता इतकी वर्षं झाली, आता तरी खरं सांगा. तेव्हा तुम्हाला कोणी पाठवलं होतं?"

"चौथीच्या वर्गाने," मी म्हटलं.

तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "नका सांगू. तुमचीही काही अडचण असेल."